उष्ण वसंत आणि गव्हाची निर्यातबंदी

देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च तोपर्यंतचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणातील गहू तेव्हा दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. दाणा अकाली पक्व होऊन आक्रसला व उतारा घटला. १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. तथापि या बंदीचे कारण एकट्या उन्हात शोधणे अपुरे होय. फेब्रुवारीत सुरू झालेल्या युक्रेन युद्धामुळे जागतिक भाव चढले होते. व्यापारी हमीभावाहून अधिक दर देऊ लागल्याने सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाखांवर आली. म्हणून इतिहासाभ्यासकाने तापमानाच्या नोंदी कोठाराच्या हिशेबाशेजारी ठेवूनच वाचावयास हव्यात. ऋतू पीक घटवितो. टंचाईचे स्वरूप मात्र बाजार व शासन ठरवितात.