भैरव, डिस्को आणि एक फसलेलं यंत्र

चरणजित सिंग यांचा अल्बम पहिल्यांदा हेडफोनवर ऐकला, तेव्हा मी साल दोनदा तपासलं. १९८२. मुंबई. कानात मात्र नव्वदीतल्या युरोपातल्या क्लबमध्ये वाजावं तसं काहीतरी चाललेलं, आणि त्यावर चक्क भैरव.

अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि बेस वाजवणारे वादक. काळ डिस्कोचा होता. १९८० साली ‘कुर्बानी’ आला होता, १९८१ साली नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’. सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती फारशी चालली नाही आणि लोक विसरून गेले.

यातली ३०३ची गोष्ट मजेशीर आहे. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून १९८१ साली हे यंत्र बाजारात आलं. पण त्याचा आवाज खऱ्या बेससारखा नव्हता आणि सूर भरण्याची पद्धत किचकट होती. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मग सेकंडहँड ३०३ स्वस्तात मिळायला लागले. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या गटातल्या पोरांनी ते चालू ठेवून त्याची बटणं पिळली. त्यातून १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं आणि ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर पोचला.

२०१० साली नेदरलँड्समधल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने सिंग यांचा अल्बम पुन्हा काढला. काहींना तर वाटलं, कुणीतरी आजच बनवून जुनं म्हणून खपवतंय. मग मथळे आले: ॲसिड हाऊसचा जनक भारतीय! मीही तो लेख अभिमानाने ग्रुपवर टाकला होता.

आज टाकणार नाही. ही रेकॉर्ड ऐकून शिकागोवाले शिकले, असा पुरावा नाही. एकाच लायब्ररीवर काम करणारे दोन प्रोग्रॅमर एकमेकांना न भेटता सारखा कोड लिहितात, तसं हे आहे. ३०३मध्ये सोळा घरं असतात, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय असते. त्यात काहीही भरा, ते फिरत राहणार आणि घसरत राहणार. कान त्या घसरणीला इथे मींड म्हणतो, तिथे ॲसिड.

फरकही तेवढाच मोठा आहे. शिकागोत ३०३ हाच नायक आहे. सिंग यांच्याकडे नायक राग आहे, तो ज्युपिटरवर हाताने वाजतो आणि ३०३ खाली साथीला बसतो. ‘जनक’ म्हटलं की शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांचं श्रेय जातं. आणि सिंग यांचंही काम झाकलं जातं, कारण मग त्यांची किंमत फक्त ‘पाच वर्षं आधी’ एवढीच उरते.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात हे संगीत वाजवलं. २०१५ साली मुंबईत ते गेले. त्यांची रेकॉर्ड इथेच बनली होती, इथेच विकायला होती. ती ऐकायला आपल्याला अठ्ठावीस वर्षं आणि एक डच लेबल लागलं. अभिमान वाटण्याआधी मला आता हे आठवतं.