सौरघटांवरील परावर्तनरोधक लेप

चकचकीत सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशापैकी ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. पातळ थराने परावर्तन घटते, हे मात्र सौरघटाच्या आधीपासून ठाऊक होते. १८९२ मध्ये इंग्लंडमधील डेनिस टेलर यांना डागाळलेल्या जुन्या भिंगांतून नव्यांपेक्षा जास्त प्रकाश पार होताना आढळला. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर निर्वातात लेप चढवण्याची पद्धत विकसित केली.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट सादर केला. पुढे उपग्रहांवरील घटांना निर्वातात सिलिकॉन मोनॉक्साइडचा लेप दिला जाऊ लागला. जमिनीवरील वापरासाठी ही पद्धत महाग होती. तिथे टायटॅनियम डायऑक्साइड उपयोगी पडले. सिलिकॉनच्या तापवलेल्या चकतीवर टायटॅनियमच्या संयुगाचा फवारा मारला की साध्या हवेच्या दाबाखालीच थर बसे.

१९९० च्या दशकापासून सिलिकॉन नायट्राइडने त्याची जागा घेतली. त्यातील हायड्रोजन सिलिकॉनमधील दोषही निष्प्रभ करतो. एकाच टप्प्यात दोन कामे होतात. सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा हा थर नारिंगी प्रकाशाचे परावर्तन जवळपास थांबवतो. निळा प्रकाश मात्र थोडा परततो, म्हणून असे घट निळे दिसतात.