सुईच्या टोंकापासून सर्किट बोर्डापर्यंत



सूक्ष्मदर्शक यंत्राचें नांव घेतलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जंतु, रक्तांतल्या पेशी किंवा तळ्याच्या पाण्यांतले चिमुकले जीव उभे राहतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेंत कांद्याचा पापुद्रा पाहिल्याची आठवण तर पुष्कळांना असेल. परंतु आज मी ज्या सूक्ष्मदर्शकाविषयीं बोलणार आहें तो हौसेनें रेडिओ आणि तत्सम यंत्रें घरीं जुळवणाऱ्या गृहस्थाच्या टेबलावर आहे, आणि त्याच्या भिंगाखालीं त्या गृहस्थानेंच जोडलेला सर्किट बोर्ड आहे. आपल्या हातचें काम आपणच भिंगाखालीं धरून तपासावें ही चाल नवी वाटते खरी. पण सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासांत ती अगदीं पहिल्या पानावर आहे.

इ. स. १६६५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटींत प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर नेमलेल्या रॉबर्ट हुक यानें ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिसवेच्या प्रचंड चित्रामुळें आणि बुचाच्या चकतींत दिसलेल्या कोठड्यांमुळें, ज्यांना त्यानें ‘सेल’ हें नांव दिलें, हा ग्रंथ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ग्रंथाची सुरवात पिसवेनें होत नाहीं. हुकनें आधीं भिंगाखालीं ठेवली ती एक बारीक, अणकुचीदार सुई. तिच्या पाठोपाठ वस्तऱ्याची धार, आणि मग तलम कापड. या सर्व मनुष्यानें केलेल्या, आणि त्यांतही उत्तम कारागिरांनीं केलेल्या वस्तु. सुईचें टोंक बोथट व खांचाखळग्यांचें निघालें, वस्तऱ्याच्या धारेवर चरे दिसले, आणि पुस्तकांतला छापील पूर्णविराम तर केवळ वेडावांकडा डाग ठरला. पुढें त्याच ग्रंथांत मधमाशीची नांगी येते, व तिच्याशीं तुलना केली असतां मानवी सुईची फजिती पुरी होते. हुकच्या मनांत सृष्टिकर्त्याच्या कौशल्याचें माहात्म्य सांगावयाचें होतें, आणि तें त्यानें सांगितलें. मला मात्र त्यांतली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: ज्या वस्तूला आपण निर्दोष समजतों तिच्यांतले दोष पाहण्याची तयारी या माणसानें प्रथम दाखवली.

पुढें दोनशें वर्षें सूक्ष्मदर्शक मुख्यतः निसर्गाकडे वळला. कारागिराला त्याची गरज नव्हती, कारण त्याचें काम डोळ्याला दिसण्याइतकें मोठें होतें. रेडिओच्या हौसेची सुरवातही अशाच मोठ्या वस्तूंनीं झाली. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालीं ध्वनिक्षेपण करून पाहिलें आणि १९२७ च्या जुलैंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. त्या काळचा हौशी माणूस गॅलिना या खनिजाचा खडा घेई, त्यावर एक बारीक तार टेंकवी, आणि कानाला श्रवणयंत्र लावून सूर सांपडेपर्यंत ती तार इकडे तिकडे सरकवी. या तारेला इंग्रजींत ‘मांजराची मिशी’ म्हणत. (गॅलिनाच्या अशा ग्राहकाचें अमेरिकन पेटंट १९०४ सालीं आपल्या जगदीशचंद्र बसूंना मिळालें होतें, हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.) नंतर व्हॉल्व्हचे संच आले. त्यांतला प्रत्येक सांधा हरभऱ्याएवढा. डाख, म्हणजे ज्याला आपण सोल्डर म्हणतों तें, नीट बसलें कीं नाहीं हें चाळिशी लावलेल्या गृहस्थालाही हातभर अंतरावरून कळे. चकाकणारा सांधा पक्का, निस्तेज दिसणारा सांधा कच्चा, एवढ्या एका नियमावर कित्येकांची हौस निभावून गेली.

हें चित्र बदलण्यास एक निर्वासित इंजिनियर कारण झाला. पॉल आइस्लर हा १९०७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेला ज्यू. १९३६ सालीं तो इंग्लंडला आला. विजेच्या शास्त्राबरोबर त्याला छपाईच्या धंद्याचाही अनुभव होता. तारा एकेक करून जोडण्याऐवजीं तांब्याच्या पत्र्यावर सर्व रेघा छापून घ्याव्या आणि नको असलेलें तांबें रसायनानें खाऊन टाकावें, ही कल्पना त्यानें लंडनमधल्या आपल्या बिऱ्हाडीं एका रेडिओंत उतरवून दाखवली व १९४३ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धांत विमानविरोधी गोळ्यांच्या फ्यूजांमध्यें छापील सर्किटें वापरलीं गेलीं, आणि युद्धानंतर तीं घरोघरच्या यंत्रांत शिरलीं.

छापलेली रेघ कितीही बारीक करतां येते. आइस्लरच्या कल्पनेंतच हें आकसत जाण्याचें बीज होतें. १९६० च्या दशकांत प्रचारांत आलेल्या दुहेरी ओळीच्या चिपेचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटर अंतरावर असत. पुढें पाय बोर्डाच्या भोंकांतून घालण्याची पद्धतच मागें पडली आणि भाग थेट पृष्ठभागावर बसवूं लागले. १९८० च्या दशकांत कारखान्यांनीं ही रीत सर्रास उचलली. आज पायांमधलें अंतर मध्यापासून मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर असणें सामान्य झालें आहे, म्हणजे मधली मोकळी जागा सुमारें पाव मिलिमीटर. एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद असा रेझिस्टर, म्हणजे साधारण खसखशीच्या दाण्याएवढा, हौशी लोक हातानें बसवतात. वीतभर अंतरावरून मनुष्याच्या निरोगी डोळ्याला वेगळ्या दिसणाऱ्या दोन बिंदूंमध्यें निदान मिलिमीटरच्या दशांशाएवढें अंतर असावें लागतें. तेव्हां काम डोळ्याच्या सीमेवर येऊन ठेपलें होतें, आणि चूक त्या सीमेच्या पलीकडे गेली होती.

याचा अनुभव मलाही घ्यावा लागला. एक लहानसा रिसीव्हर जोडला, तो बोलेना. दोन दिवस मोजमापें घेतलीं आणि शेवटीं चिपच वाईट असा निकाल दिला. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानदाराकडून ती घेतली होती त्याला फोनवर चार शब्द सुनावलेही. तो बिचारा दुसरी चिप द्यायला तयार झाला. मग एका प्राध्यापक मित्राकडे जीवशास्त्राचा सूक्ष्मदर्शक होता तो मागून आणला. त्यानें प्रथम कांहींच दाखवलें नाहीं! त्याचा प्रकाश खालून येतो, आणि बोर्ड तर अपारदर्शक. टेबलावरचा दिवा तिरपा धरल्यावर दोन पायांमध्यें केसासारखी एक रुपेरी रेघ चमकली. तो डाखाचा पूल होता, माझ्याच हातचा. तो काढूं गेलों तों नवीच पंचाईत: सुई उजवीकडे न्यावी तर भिंगांत ती डावीकडे पळे, आणि भिंग बोर्डाच्या इतकें जवळ होतें कीं सोल्डरिंग आयर्न आंत शिरेना. शेवटीं बोर्ड बाहेर काढून अंदाजानेंच तो पूल तोडला. रिसीव्हर लागला. दुकानदाराला पुन्हां फोन करणें मात्र त्याहून कठीण गेलें.

या अडचणी पूर्वी इतरांना आल्या होत्या व त्यांनीं त्या सोडवल्याही होत्या. अपारदर्शक वस्तूवर वरून प्रकाश टाकून तिचा पृष्ठभाग वाचण्याची विद्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनें १८६३ सालच्या सुमारास पोलादावर अजमावली. घासून गुळगुळीत केलेलें व आम्लानें किंचित् खाल्लेलें पोलाद त्यानें भिंगाखालीं धरलें, आणि धातूचेंही अंतरंग असतें हें लोकांना कळलें. उलट्या प्रतिमेचा प्रश्न सुटला तो मात्र जीवशास्त्रासाठीं.

हॉरेशिओ ग्रीनो हा पॅरिसमध्यें राहणारा अमेरिकन, त्याच नांवाच्या प्रसिद्ध शिल्पकाराचा मुलगा. त्याला भ्रूणांची चिरफाड करावयाची होती, आणि केवळ पाहून त्याचें भागत नव्हतें. त्याला पाहतां पाहतां हात चालवावयाचा होता. दोन डोळ्यांना थोड्या वेगळ्या कोनांतून दिसलेल्या दोन चित्रांवरून मनाला खोली कळते, हें व्हीटस्टननें १८३८ सालींच दाखवून दिलें होतें. ग्रीनोनें १८९२ सालीं येना येथील त्साइस कारखान्याच्या अर्न्स्ट आबेला सुचवलें कीं दोन स्वतंत्र सूक्ष्मदर्शक, किंचित् कोन करून, एकाच बिंदूवर रोखावे आणि प्रतिमा सरळ मिळावी. कारखान्यानें पोरोच्या लोलकांनीं प्रतिमा सुलटी केली आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस हें यंत्र विक्रीस आणलें. बाप दगडांतून आकार काढीत असे. मुलानें भिंगाला उंची आणि खोली दिली. माझ्या मतें, हातानें बारीक काम करणाऱ्यांवर ग्रीनोचे उपकार मोठे आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्याचें नांव ठाऊक आहे.

हें यंत्र फार वाढवून दाखवीत नाहीं. सात पटींपासून पंचेचाळीस पटींपर्यंतचा त्याचा पल्ला असतो, आणि प्रत्यक्ष जोडकाम करतांना दहाच्या आसपास पटी पुरतात. त्याचें खरें मोल आहे भिंग व वस्तु यांमधल्या मोकळ्या जागेंत. ती सुमारें दहा सेंटिमीटर असते, आणि खालीं अर्ध्या पटीचें एक जादा भिंग लावलें कीं जवळजवळ दुप्पट होते. मग चिमटा, आयर्न, डाख शोषून घेणारी तांब्याची वेणी, सारें खालीं सुखानें फिरतें, आणि राळेचा धूर भिंगावर बसण्याचें प्रमाणही कमी होतें. १९५९ सालीं बॉश अँड लॉम्ब कंपनीनें पटी सलग कमीजास्त करतां येणारा नमुना काढला. ट्रान्झिस्टरच्या कारखान्यांत स्त्रिया अशा यंत्रांत पाहून केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडीत. कारखान्यांनीं काढून टाकलेलीं तीं यंत्रें पुढें हौशी मंडळींनीं विकत घेतलीं. अलीकडे संगणकाला जोडावयाचे स्वस्त कॅमेरे मिळतात. नुसतें तपासायला ते चांगले. परंतु त्यांत खोली नसते, आणि हात हलल्यानंतर क्षणभरानें चित्र हलतें. तेवढ्या क्षणांत शेजारच्या पायाला चटका बसलेला असतो.

आतां त्या चकाकणाऱ्या सांध्याच्या जुन्या नियमाकडे वळूं. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसें यांचा डाख १८३ अंशांना एकदम वितळे व आरशासारखा थिजे. शिसें विषारी, म्हणून युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून नव्या यंत्रांतून तें बहुतांशीं हद्दपार केलें. त्याच्या जागीं आलेला कथील, चांदी व तांबें यांचा डाख २१७ अंशांच्या आसपास वितळतो आणि थिजल्यावर पुष्कळदां दाणेदार, मंद दिसतो. म्हणजे पक्का सांधाही आतां निस्तेज असूं शकतो. तेज पाहणारा डोळा फसूं लागला, म्हणून आकार पाहावा लागला. डाख तांब्याच्या टिकलीवर पसरत जाऊन कडेला पातळ झाला आहे कीं थेंबासारखा गोळा होऊन नुसता बसला आहे, पायाच्या टांचेशीं तो चढला आहे कीं मध्यें काळी फट आहे, हें दोन डोळ्यांच्या भिंगांत दिवा फिरवून पाहिलें म्हणजे कळतें. आपले दुरुस्तीवाले ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात त्याची कुंडली त्या फटींत असते.

शिशाच्या हद्दपारीनें एक जुनी पीडाही पुन्हां चर्चेंत आणली. कथिलाचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागांतून आपोआप सूक्ष्म तंतु उगवतात; इंग्रजींत त्यांना कथिलाच्या मिशा म्हणतात. एकीकडे मांजराची मिशी जिनें रेडिओ बोलता केला, आणि दुसरीकडे ही मिशी जी त्याचें तोंड बंद करते! १९४० च्या दशकांत अमेरिकेंतल्या बेल कंपनीच्या टेलिफोन-यंत्रांत तिचा उपद्रव ध्यानांत आला, आणि कथिलांत थोडें शिसें मिसळलें तर ती सहसा उगवत नाहीं हें पुढें कळलें. १९९८ च्या मे महिन्यांत ‘गॅलक्सी ४’ हा उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेंतले बहुसंख्य पेजर मुके झाले, त्याचेंही कारण हीच मिशी मानलें गेलें. हौशी लोकांना तिची ओळख अधिक घरगुती मार्गानें झाली. १९६० च्या दशकांतल्या युरोपीय रेडिओंत एएफ ११४ ते एएफ ११७ या जातीचे ट्रान्झिस्टर असत. त्यांच्या धातूच्या टोपणाच्या आंत या मिशा वाढतात व आंतल्या तारांना टोपणाशीं जोडून टाकतात. टोपण कापून उघडलें आणि सूक्ष्मदर्शकाखालीं दिवा तिरपा केला कीं त्या जाळ्याचे धागे लकाकतात. दिवा सरळ ठेवला तर तेथें कांहींच दिसत नाहीं.

भाग लहान झाले तेव्हां घरगुती हौस संपली असें अनेकांना वाटलें होतें. अमेरिकेंतल्या हीथ कंपनीनें १९४७ सालीं युद्धांतल्या शिल्लक मालांतून ऑसिलोस्कोपचा जोडसंच काढला होता, आणि दोन पिढ्या तिच्या संचांवर शिकल्या. १९९२ सालीं तिनें संच काढणें थांबवलें. पण हौस संपली नाहीं. ज्या कामाला यंत्रमानव लागतो असें म्हणत तें काम लोक स्वयंपाकघरांतल्या टेबलावर, एका जुन्या ग्रीनो-पद्धतीच्या यंत्राखालीं करूं लागले.

भिंगालाही न दिसणारी जागा मात्र आतां तयार झाली आहे. नव्या चिपांना पाय नसतात. पोटाखालीं डाखाचे बारीक गोळे ओळींनीं बसवलेले असतात, आणि चिप बसली कीं ते सारे झांकले जातात. कारखाने तेथें क्ष-किरण वापरतात. घरचा माणूस बोर्ड तिरपा करतो, कडेच्या ओळींतले गोळे सारखे चपटे झाले आहेत कीं एखादा अजून वाटोळाच आहे तें पाहतो, आणि आंतल्या ओळींचा अंदाज त्यावरून बांधतो.