फियाट की अँबेसेडर?

जळगाव-धुळ्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: फियाट पळायला चांगली, अँबेसेडर दणकट. माझे मामा फियाटवाले, काका अँबेसेडरवाले, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा विषय निघायचाच. मी कोड लिहिणारा माणूस. म्हटलं, आकडे मांडून बघू.

दोन्ही गाड्या मूळच्या युरोपातल्या. कुर्ल्याची फियाट म्हणजे इटलीची 1100 डी; आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. लोकांसाठी ती कायम फियाटच. बनवणारी प्रीमियर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालात उत्तरपाड्याला तयार होणारी.

फियाटचं इंजिन 1089 सीसी, सुमारे 40 हॉर्सपॉवर, गाडीचं वजन 900 किलोच्या आसपास. अँबेसेडरचं 1489 सीसी, सुमारे 50 हॉर्सपॉवर, पण वजन अकराशेच्या वर. भागाकार केला तर दोघींना टनामागे साधारण 44 हॉर्सपॉवर! म्हणजे रिकाम्या रस्त्यावर फियाट 'पळते' म्हणणाऱ्यांना कागदावर फारसा आधार नाही.

फरक जाणवायचा तो वळणावर. फियाट जवळपास 20 सेंटिमीटर अरुंद आणि पुढून हलकी, म्हणून चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ती चटकन वळायची. गंमत म्हणजे स्टिअरिंगची आधुनिक रचना, रॅक अँड पिनियन, अँबेसेडरकडे होती. फियाटचं जुन्या वर्म पद्धतीचं. तरीही पॉवर स्टिअरिंग नसताना अँबेसेडरचं वजन हातालाच झेलावं लागे. उतारावर मात्र दोघींची गत सारखी. चारही चाकांना ड्रमब्रेक. सतत दाबले की तापून पकड सोडायचे. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

माझ्या मते अँबेसेडर जिंकली ती रुंदीवर. दोन्हीकडे गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग सीट. पण अँबेसेडरमध्ये मागे चौघं दाटीवाटीनं का होईना बसायची, शिवाय मांडीवर पोरं. धुळ्याहून वऱ्हाड निघालं की वळणाची चपळाई कोण मोजतं? आणि मे महिन्यात पारा 45 ला टेकला की पेट्रोल वाटेतच उकळून गाडी बंद पडायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं. इटलीच्या इंजिनियरांनी जळगावचा उन्हाळा धरला नव्हता.

खरा प्रश्न वेगळाच आहे. इटलीत फियाट 1100 चं उत्पादन 1969 ला थांबलं, इंग्लंडमध्ये ही ऑक्सफर्ड त्याच्याही दहा वर्षं आधी. आपल्याकडे लायसन्स राजमध्ये नवी स्पर्धक येऊ शकत नव्हती, आणि असलेल्या कंपन्यांना गाडी सुधारायची घाई नव्हती. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचं. जी मिळाली तिचीच बाजू घ्यायची. निम्मी निष्ठा अशी तयार झाली.

1983 ला मारुती 800 आली. इंजिन फक्त 796 सीसी, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि टनामागे पन्नासहून जास्त हॉर्सपॉवर. तरीही पद्मिनी पुढे सतरा-अठरा वर्षं बनत राहिली, अँबेसेडर तर 2014 पर्यंत.