तळटीप ४ : प्रेअरी व्होलची जोडी

४. ‘एकनिष्ठ उंदीर’ : लेखकाचा रोख उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल या प्राण्याकडे आहे. तळहातावर मावेल एवढा, आखूड शेपटीचा हा कृंतक. नर-मादी जमले की सहसा एकाच बिळात राहतात. नर पिलांना चाटून स्वच्छ करतो, त्यांना ऊब देतो. त्याचा भाऊबंद मेडो व्होल मात्र समागमानंतर आपल्या वाटेने निघून जातो. या फरकाचे एक मूळ मेंदूत आहे. व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे ग्राही प्रेअरी व्होल नराच्या मेंदूतील सुखाशी निगडित भागात दाट असतात, मेडो व्होलमध्ये विरळ. २००४ साली एमरी विद्यापीठातील लॅरी यंग यांच्या गटाने या ग्राहीचे जनुक विषाणूमार्फत मेडो व्होल नरांच्या मेंदूत पोचवले, तेव्हा तेही आपल्या जोडीदारिणीला बिलगून बसू लागले.

यावरून निष्ठेचे जनुकच सापडले, असे मात्र समजू नये. रानात काही नर जोडी न करता भटकतात आणि जोडीने राहणाऱ्या मादीच्या वेतातही परक्या नराची पिले आढळतात. २०२३ मध्ये जोडी जमण्यासाठी आवश्यक मानल्या गेलेल्या ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या प्रेअरी व्होलनीही जोड्या जमवल्या. म्हणजे एकाच जनुकावर सारा भार टाकता येत नाही. अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून वागणूक घडते. वाचकांनी हे निष्कर्ष माणसाच्या संसाराला थेट लावू नयेत. — संपा.