यादीतला कुत्रा

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. त्यात कुत्र्यांच्या तेवीस जातींची नावे होती. या जाती माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, म्हणून त्यांची आयात, पैदास आणि विक्री यांना परवानगी देऊ नये, आणि ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असा त्या पत्राचा आशय होता. बातमी वर्तमानपत्रांत आली त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची सभा भरली. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात एक पिवळसर, रुंद छातीचा, आखूड केसांचा कुत्रा होता. तो 'पिटबुल' आहे की नाही, एवढाच सभेपुढचा विषय. मी जुनी पुस्तके आणि कागद चाळत बसतो, हे सगळ्यांना ठाऊक. सेक्रेटरी तरुण आहे, त्याने यादीची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, तुम्हीच बघून सांगा."

मला सांगता आले नाही. घरी येऊन मी ती यादी नीट वाचली. त्यात 'टोसा' हा जपानी कुत्रा दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आला होता. बोअरबोएल या दक्षिण आफ्रिकी कुत्र्याचेही तसेच. एके ठिकाणी नुसतेच 'टेरियर' लिहिलेले. टेरियर ही एक जात नव्हे, डझनावारी जातींचे कुळ आहे. पिशवीत घालून नेता येईल असा यॉर्कशायर टेरियरही त्यातच मोडतो. बाल्कन प्रदेशातले टॉर्नयाक आणि शारप्लानिनात्स हे मेंढपाळांचे कुत्रेही यादीत होते. मात्र एक नाव नव्हते, आणि त्याचेच मला नवल वाटले. माझ्या लहानपणी बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी दिसली, की आत अल्सेशियन असणार हे आम्ही धरूनच चालायचो. दुसऱ्या कुठल्या जातीची भीती आम्हाला माहीतच नव्हती. तो अल्सेशियन यादीत कुठेच नव्हता. मग तो सुधारला, की आपली भीती दुसरीकडे राहायला गेली? या प्रश्नामागे मी वर्षभर होतो.

आधी शब्दाबद्दल थोडे. इंग्रजीतल्या 'ब्रीड'ला आपण 'जात' म्हणतो. मराठीत जात म्हटली की जन्माबरोबर आलेला आणि न बदलणारा स्वभाव असे काहीतरी मनात आपोआप उभे राहते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपलीच. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांची जात मात्र कुणी विचारत नाही.

धोकादायक जातींच्या इतिहासात पहिले मोठे नाव लागते ब्लडहाउंडचे. १७९५ साली जमैकात मरून लोकांनी, म्हणजे गुलामगिरीतून निसटून डोंगरात वस्ती केलेल्यांच्या वंशजांनी, ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. तेव्हा तिथल्या सरकारने क्युबाहून सुमारे शंभर कुत्रे आणि त्यांना हाताळणारे शिकारी मागवले. हे कुत्रे प्रत्यक्ष वापरण्याआधीच, नुसत्या त्यांच्या धास्तीने बहुतेक मरून शरण आले. पुढे अमेरिकी फौजेशी चाललेल्या सेमिनोल लोकांच्या लढाईत फ्लोरिडातही क्युबाचे ३३ कुत्रे आणले गेले. तिथे त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, बदनामी मात्र पुष्कळ झाली. हे सगळे मास्टिफच्या वळणाचे दांडगे शिकारी कुत्रे. लांब कानांचा, सुरकुतल्या चेहऱ्याचा, वास घेत सावकाश चालणारा इंग्रजी ब्लडहाउंड हा निराळाच प्राणी. पण नाव दोघांना एकच चिकटले. हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली. गोठलेली ओहायो नदी बर्फाच्या तुकड्यांवरून ओलांडणाऱ्या एलायझाच्या मागे त्या प्रसंगात कुत्रे नाहीतच. नाटक कंपन्यांनी ते घातले. रंगमंचावर खरे कुत्रे धावू लागले, आणि जाहिरातीत ज्यांना 'सैबेरियन ब्लडहाउंड' म्हटले जाई ते बऱ्याचदा ग्रेट डेन किंवा मास्टिफ असत. खरा ब्लडहाउंड आणला असता तर त्याने एलायझाला चाटले असते, असे मला आपले वाटते. कॉनन डॉयलने बास्करव्हिलचा कुत्रा रंगवला तोही ब्लडहाउंड आणि मास्टिफ यांचा संकरच.

ब्लडहाउंडनंतरचे नाव वाचून मला हसूच आले. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रेबीजची दहशत पसरली, तेव्हा सर्वांत बदनाम झालेला कुत्रा होता स्पिट्झ. पांढरा, झुबकेदार शेपटीचा, टोकदार तोंडाचा. या जातीच्या रक्तातच पिसाळणे आहे, असे वर्तमानपत्रांतून छापून येई. पाश्चरची लस तेव्हा आली नव्हती, ती १८८५ची. आपल्याकडे ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणत तो त्याचाच भारतीय भाऊबंद. 'हम आपके हैं कौन'मधला टफी तो हाच.

अल्सेशियनची कथा मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात एका जातीचा खलनायक होण्यापासून सुटका होण्यापर्यंतचा सगळा प्रवास आहे. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळ अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून एक कुत्रा निवडला आणि त्याच्यापासून ही जात बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने हे कुत्रे निरोप पोहोचवायला आणि जखमींना शोधायला वापरले. परतणाऱ्या सैनिकांबरोबर ते ब्रिटन-अमेरिकेत गेले. ब्रिटनमध्ये तेव्हा 'जर्मन' हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती, म्हणून कुत्र्याला 'अल्सेशियन वुल्फ डॉग' असे नाव दिले गेले. त्यातला 'वुल्फ' त्याला भोवला. पुढे तो शब्द गाळला, तरी याच्यात लांडग्याचे रक्त आहे ही समजूत काही गेली नाही. ब्रिटनमध्ये त्याला 'जर्मन शेफर्ड' हे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळायला १९७७ उजाडले.

ती समजूत सर्वांत महाग पडली ऑस्ट्रेलियात. तिथे लोकरीवर अर्थव्यवस्था उभी होती आणि मेंढ्या पाळणाऱ्यांचे सरकारदरबारी वजन होते. हा कुत्रा रानातल्या डिंगोशी संकर करील आणि त्यातून मेंढ्या मारणारी बलाढ्य अवलाद निपजेल, अशी त्यांना भीती होती. १९२९ साली त्याच्या आयातीवर बंदी आली. ती आधी ठरावीक मुदतीची होती, मग बेमुदत झाली. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाने खास या एका जातीसाठी कायदा करून नसबंदीची सक्ती केली. १९३४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियानेही स्वतंत्र कायदा केला. आयातबंदी १९७२ साली सैल झाली आणि १९७४ साली पूर्ण उठली. पंचेचाळीस वर्षे! देशात आधीच असलेल्या कुत्र्यांची वीण या काळात चालूच होती, आणि ती डिंगोसेना काही अवतरली नाही.

आता त्याच १९२९ सालाकडे अमेरिकेतून पाहू. त्या वर्षीच्या जानेवारीत तिथे 'द सीइंग आय' ही अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणारी संस्था स्थापन झाली. तिच्यामागे बडी नावाची एक कुत्री होती. मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला रस्ते ओलांडून नेणारी. ती जर्मन शेफर्डच. रिन टिन टिन हा याच जातीचा कुत्रा त्या वेळी हॉलीवूडच्या मूकपटांचा नायक होता. म्हणजे एकाच वर्षी एका देशात ज्या जातीच्या हाती आंधळ्याचा जीव सोपवला, तीच दुसऱ्या देशात उपजत खुनशी ठरली.

पिटबुलकडे येताना मात्र हात सांभाळून लिहायला हवे, कारण इथे दोन्ही बाजूंनी दंतकथा फार. १८३५ साली इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा आणि कुत्र्यांच्या झुंजींचा खेळ कायद्याने बंद झाला. झुंजी चोरून चालूच राहिल्या, आणि बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून त्यासाठी कुत्रे तयार होत राहिले. ते अमेरिकेत गेले. १८९८ साली निघालेल्या युनायटेड केनेल क्लबने त्यांची जात म्हणून नोंद केली. पूर्वी हा कुत्रा मुलांची दाई म्हणून ओळखला जाई, असे त्याचे चाहते सांगतात. त्याला आधार नाही. झुंजीसाठी, पकड न सोडण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेला हा प्राणी आहे. ती निवड दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्यासाठी होती, माणसावर नव्हे, हे खरे. पण जबड्याला तो फरक नेहमी कळतोच असे नाही. लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये एका पिटबुलने घरातल्याच वृद्धेचा जीव घेतला. ती बातमी वाचलेल्या आमच्या सभासदांची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही.

पण भीती खरी असली म्हणून यादी खरी ठरत नाही. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. मे १९९१ मध्ये ब्रॅडफर्डला सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलने भयंकर हल्ला केला. जुलैअखेर 'डेंजरस डॉग्ज अॅक्ट' मंजूरही झाला. त्यात चार नावे: पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. पिटबुलची ब्रिटनमध्ये अधिकृत जात म्हणून नोंद नव्हती, म्हणून कायद्याने 'त्या प्रकारचा दिसणारा' असे धरले, आणि आपला कुत्रा त्यातला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला. १९९२ साली लंडनमध्ये डेम्प्सी नावाची कुत्री पकडली गेली. तिला मळमळत होते म्हणून तिचे मुसके क्षणभर काढले होते, एवढाच गुन्हा. कुणाला चावलेली नसताना ती तीन वर्षांहून अधिक काळ मृत्युदंडाच्या छायेत कोंडून राहिली आणि १९९५ साली सुटली. १९९७ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तरी २०२३च्या ३१ ऑक्टोबरला यादीत पाचवे नाव आलेच: एक्सएल बुली. त्याआधीच्या काही वर्षांत या कुत्र्यांनी तिथे माणसे मारली होती, हे नाकारता येत नाही. पण ही जात ओळखायची कशी? सरकारी व्याख्येत नर खांद्यापाशी ५१ सेंटिमीटरपासून पुढे आणि मादी ४८ पासून पुढे, अशी मापे आहेत. पोलीस मोजपट्टी घेऊन कुत्र्यापाशी उभा.

नजरेने जात ओळखणे किती फसवे असते, हे फ्लोरिडातल्या चार प्राणी-आश्रयगृहांत तपासले गेले. १२० कुत्र्यांपैकी कर्मचाऱ्यांनी ६२ पिटबुल ठरवले. रक्तातल्या डीएनएने तसे वळण फक्त २५ जणांत दाखवले. हे कर्मचारी रोज कुत्रे हाताळणारे. आमच्या सभेत तर निम्म्यांनी पिटबुल फक्त मोबाइलवर पाहिलेला.

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांनी घेतलेल्या २३८ बळींचा अभ्यास झाला, त्यात निदान २५ जाती सापडल्या. पिटबुल आणि रॉटवायलर यांचा वाटा निम्म्याहून जास्त होता. हा आकडा बंदीवाले नेहमी पुढे करतात. पण कुठल्या जातीचे एकूण कुत्रे किती आहेत हेच माहीत नसल्याने यावरून जातीचा धोका काढता येत नाही, अशी सूचना अभ्यासकांनीच त्यात दिलेली आहे. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकसंच वाचला होता. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला जातीमुळे उलगडणारा भाग सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास निघाला. माणसाचे ऐकण्याची वृत्ती जातीप्रमाणे थोडीफार बदलते. डिवचल्यावर कुत्रा किती चटकन भडकतो, हे मात्र जातीवरून जवळपास सांगताच येत नाही.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ केले ते वेगळ्याच एका अभ्यासाने. २००० ते २००९ या काळातल्या अमेरिकेतल्या २५६ मृत्यूंच्या पोलीस तपासात शिरून तो केलेला आहे. जात खात्रीने ठरवता आली ती फक्त ४५ प्रकरणांत. बाकी गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा त्याच. जवळ सोडवणारे धडधाकट माणूस नव्हते, ८७ टक्के. कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती, ८४ टक्के. कुत्रा घरात माणसांबरोबर वाढलेला नव्हता. साखळीला, कुंपणात, राखणीसाठी ठेवलेला होता, ७६ टक्के.

केंद्राचे ते पत्र फार टिकले नाही. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. पाठोपाठ १६ तारखेला दिल्ली उच्च न्यायालयानेही. पण आमच्या सोसायटीला न्यायालयाची वाट पाहायची गरज पडली नव्हती. "खात्रीने सांगता येत नाही" असे मी लिहून दिले, तेव्हा सभेने त्याचा अर्थ "असूही शकतो" असा घेतला. मी उभा राहून आणखी काही बोललो नाही. तेव्हा यातले काही मी वाचलेलेच नव्हते. तळमजल्यावरची धाकटी मुलगी जिन्यात बसून रडत होती. त्या रविवारी तिच्या वडिलांनी कुत्र्याला गाडीत घालून त्यांच्या गावी नेले. शेतावर पंप चोरीला जातात, तिथे राखणीला बरा, असे ते म्हणाले. गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा मी चौकशी केली. गोठ्याशेजारी साखळीला असतो, आणि आता जवळ कुणाला येऊ देत नाही.