पाइपचा झोळ : स्वीकार्य मर्यादा

दोन आधारांमधल्या आडव्या पाइपला स्वतःच्या, आतल्या द्रवाच्या आणि उष्णतारोधक आवरणाच्या वजनाने जो बाक येतो, त्याला झोळ म्हणतात. तो किती चालेल, हे पोलादाच्या ताकदीवरून क्वचितच ठरते. पाइप मोडण्याच्या कितीतरी आधी पाणी साचू लागते किंवा पाइप थरथरू लागतो.

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा औष्णिक वीजकेंद्रात 660 मेगावॉटचे पाच संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. एकूण क्षमता 3,300 मेगावॉट. त्यांतील वाफ पाण्याच्या क्रांतिक दाबाच्या, म्हणजे सुमारे 221 बारच्या, वर तयार होते. बाष्पकाच्या पाइपांना 1950 चे भारतीय बाष्पक विनियम लागू होतात. आधारांच्या अंतरासाठी मात्र अभियंते बहुधा अमेरिकी संहिता ‘एएसएमई बी 31.1’ मधील कोष्टक उघडतात. पाण्याच्या 6 इंची पाइपला त्यात 5.2 मीटर अंतर सुचवले आहे, वाफेच्या पाइपला 6.4 मीटर, 12 इंचीसाठी हेच आकडे 7.0 आणि 9.1 आहेत. त्यामागे दोन गृहीतके आहेत : वाकण्याचा ताण सुमारे 16 मेगापास्कलच्या आत आणि झोळ 2.5 मिलिमीटर.

हे 2.5 मिलिमीटर वेदवाक्य नव्हे. पाइपचा उतार एवढा झोळ सामावून घेईल, अशी अट कोष्टकाखालीच आहे. उतार अपुरा पडला की मध्यभागी पाणी अडते. नंतर वाफ सोडली की ती हे पाणी पुढे रेटते आणि ते वळणावर आदळते. उकड्या तांदळाच्या गिरणीतली बारीक वाफवाहिनीही याला अपवाद नाही. उलट तिथे आधार अंदाजानेच ठोकले जाण्याची शक्यता अधिक. जिथे निचऱ्याचा प्रश्न नाही, तिथे 10-15 मिलिमीटर झोळही चालवून घेतात.

दुसरी कसोटी कंपाची. साध्या टेकूंवरच्या पाइपची नैसर्गिक कंप्रता काढायला 17.75 या आकड्याला मिलिमीटरमधल्या झोळाच्या वर्गमुळाने भागतात. झोळ 2.5 असला की कंप्रता सुमारे 11 हर्ट्झ येते. 20 झाला की ती 4 वर उतरते, आणि त्याखाली जाणे बहुतेक अभियंते टाळतात. झोळ अंतराच्या चौथ्या घातात वाढतो. त्यामुळे साइटवर मधला एक आधार गाळला, की हिशेबाने 2.5 चे थेट 40 मिलिमीटर होतात.

तिरोड्यासारख्या केंद्राच्या मुख्य वाफवाहिनीला हे कोष्टक पुरत नाही. ते 400 अंश सेल्सिअसपर्यंतच लागू आहे. त्यापुढे पोलादाची ताठरता घटते, आणि 500 अंशांच्या वर ते वर्षानुवर्षे सावकाश ताणले जाते (विसर्पण). म्हणून स्वतंत्र गणित करावे लागते.

औष्णिक सरकणे आणि झोळ यांची गल्लत नेहमी होते. थंड पाइप 540 अंशांवर गेला की दर मीटरला साधारण साडेसहा मिलिमीटर वाढतो. 20 मीटरच्या उभ्या पाइपचे टोक सुमारे 130 मिलिमीटर हलते. हे सरकणे रोखायचे नसते, त्याला वाट द्यायची असते. त्यासाठी स्प्रिंग हँगर लावतात. दाबचाचणीत वाफेचा पाइप पाण्याने भरतात आणि वजन एकदम वाढते. तेवढ्यापुरते हँगर पिनांनी जखडून ठेवतात. चाचणीनंतर पिना काढायच्या राहिल्या, तर पुढची सगळी गणिते कागदावरच राहतात.